आधी स्वतः लिहा, मग तयार घ्या

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी मनोगत पाठवा, असा शाळेचा निरोप आला आणि विषय शोधावा लागला नाही. मी पुण्यात विजेच्या मीटरच्या आत चालणारं सॉफ्टवेअर लिहितो. ते सगळं सी या प्रोग्रामिंगच्या भाषेत असतं, आणि सी मला सोलापूरच्या आपल्या कनिष्ठ महाविद्यालयातल्या संगणकाच्या सरांनी शिकवली. त्यातही लायब्ररी फंक्शन्स, म्हणजे ठरावीक कामांसाठी आधीच लिहून ठेवलेले कोडचे तुकडे, त्यांनी ज्या रीतीनं शिकवली, ती रीत मला पुढं इंजिनिअरिंगला फारशी कुठं दिसली नाही.

अभ्यासक्रमात सी++ होती. सर म्हणाले, आधी सी. पहिल्याच तासाला त्यांनी फळ्यावर भाषेचे ३२ राखीव शब्द लिहिले आणि विचारलं, "यात प्रिंटएफ कुठंय, दाखवा." स्क्रीनवर मजकूर छापणारं ते फंक्शन तिथं नव्हतंच. स्क्रीनवर अक्षर उमटवणं, कीबोर्डवरून आकडा घेणं, वर्गमूळ काढणं, यातलं काहीच सी भाषेच्या पोटात नाही. डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास बेल लॅब्जमध्ये ही भाषा घडवली ती अशी आटोपशीर, आणि ही कामं लायब्ररीकडं सोपवली. १९८९ च्या अमेरिकन प्रमाणकात ही लायब्ररीही १५ हेडर फाइलींसह ठरवून दिली गेली. स्ट्रिंगची, म्हणजे अक्षरांच्या ओळीची, कामं स्ट्रिंग डॉट एचमध्ये, गणिताची मॅथ डॉट एचमध्ये, छापणं-वाचणं एसटीडीआयओ डॉट एचमध्ये.

हेडर फाइल इन्क्लूड केली की फंक्शनच आत आलं, असं बरेच जण अजून समजतात. सरांनी ते एका प्रात्यक्षिकात कायमचं निस्तरलं. मुद्दाम प्रिंटएफचं स्पेलिंग चुकवून सगळ्यांना प्रोग्राम टाइप करायला लावला. टर्बो सी या सॉफ्टवेअरच्या त्या निळ्या पडद्यावर कंपाइल केलं, म्हणजे यंत्राच्या भाषेत उतरवलं, तर नुसती वॉर्निंग आली, की या फंक्शनचा प्रोटोटाइप, म्हणजे आधी दिलेली ओळख, सापडला नाही. चालवायला गेलो तेव्हा तुकडे जोडणाऱ्या लिंकरनं अडवलं: 'अनडिफाइन्ड सिम्बॉल'. मग सर म्हणाले, "चादरीच्या दुकानात काय असतं? नमुना. माल कुठं असतो? अक्कलकोट रोडला, गोदामात. हेडर म्हणजे नमुना. माल लायब्ररीच्या फाइलीत, आणि तो आणून जोडायचं काम लिंकरचं." माझ्या बाकावरच्या मित्राच्या घरी यंत्रमाग होते, घरात सगळे तेलुगू बोलायचे. तो हे लगेच उचलून घरच्यांना तेलुगूत सांगून आला.

सरांचा नियम एकच होता. कुठलंही फंक्शन आधी स्वतः लिहायचं, मग तयार घ्यायचं. शब्दाची लांबी मोजणारं स्ट्रलेन वापरायची परवानगी मिळण्याआधी आम्हाला आमचं स्ट्रलेन लिहावं लागलं. पहिल्या अक्षरापासून पुढं सरकायचं, शून्य किमतीचं कॅरॅक्टर लागेपर्यंत मोजायचं. इंग्रजीत सोलापूर लिहिलं तर उत्तर ७, पण मेमरीत जागा ८, कारण शेवटच्या शून्यालाही घर लागतं. हा एका घराचा फरक ज्याला त्या दिवशी कळला, त्याला पुढं अ‍ॅरेची, म्हणजे मेमरीतल्या घरांच्या रांगेची, भीती वाटली नाही. यादी क्रमानं लावणाऱ्या तयार क्यूसॉर्टच्या आधी बबल सॉर्ट ही क्रम लावायची साधी पद्धतही अशीच हातानं लिहून घेतला. त्या वर्षी भारनियमन जोरात होतं, त्यामुळं दर दोन ओळींनी एफ-२ दाबून सेव्ह करायची सवय सगळ्या बॅचला लागली.

तयार फंक्शन घेताना सर तीन गोष्टी विचारायचे: ते काय घेतं, काय परत देतं आणि बिघडलं तर कसं कळवतं. फंक्शनच्या नावावर कर्सर ठेवून कंट्रोल एफ-१ दाबलं की मदतीची खिडकी उघडायची. ती वाचल्याशिवाय कोड लिहू द्यायचे नाहीत. शब्दांची तुलना करणारं स्ट्रसीएमपी दोन शब्द सारखे असले की शून्य देतं, आणि सीमध्ये शून्य म्हणजे 'नाही', म्हणून इफच्या अटीत ते तसंच टाकलं तर अर्थ उलटा होतो. कीबोर्डवरून वाचणारं स्कॅनएफ किती किमती नीट वाचल्या ते सांगतं. ही परत आलेली किंमत न बघता पुढं जाणारा कोड आजही माझ्याकडं तपासायला येतो, आणि मी तो परत पाठवतो.

टाइप केलेली ओळ वाचणाऱ्या गेट्स या फंक्शनला आमच्या लॅबमध्ये बंदीच होती. वीस अक्षरांच्या जागेत स्वतःचं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव असं पूर्ण टाइप केलं, की गेट्स न थांबता शेजारच्या मेमरीत लिहीत सुटायचं. सर एफगेट्स वापरायला लावायचे, कारण त्याला जागा किती आहे ते सांगता येतं. १९८८ मध्ये इंटरनेटवर पसरलेल्या मॉरिस वर्म या घुसखोर प्रोग्रामनं याच भगदाडातून शिरकाव केला होता. पुढं २०११ च्या प्रमाणकातून गेट्स काढूनच टाकलं. ती बातमी वाचून मी सरांना फोन केला होता. "उशीर झाला, पण झालं," एवढंच ते म्हणाले.

नोकरीत एकदा मीटरच्या पडद्यावर मराठी दाखवायचं काम आलं. 'सोलापूर' या शब्दाची लांबी स्ट्रलेननं २१ सांगितली. टीममधली मुलं गोंधळली. मला शाळेतलं ते हातानं लिहिलेलं स्ट्रलेन डोळ्यांपुढं आलं: ते अक्षरं मोजतच नाही, शून्यापर्यंतचे बाइट मोजतं. यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात, आणि काना-मात्रे धरून चिन्हं ७.

शाळेच्या नव्या लॅबमध्येही टर्बो सीच चालू आहे असं कळलं. ते आता बदलावं असं मला मनापासून वाटतं. कोनिओ डॉट एच ही हेडर फाइल आणि तिच्यातलं एक अक्षर वाचणारं गेटसीएच प्रमाण सीमध्ये नाहीतच, आणि मुलं नेमकी तीच आधी पाठ करतात. लिनक्स आणि त्यावरचा जीसीसी हा सीचा कंपाइलर फुकट मिळतात. जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेला मी सोलापुरात असतोच, त्या आठवड्यात लॅबमधली सगळी मशीन बसवून द्यायला तयार आहे. मुख्याध्यापकांनी तेवढी लॅबची किल्ली द्यावी. अकरावीच्या मुलांनी येताना स्वतःचं स्ट्रकॉपी, म्हणजे शब्दाची नक्कल करणारं फंक्शन, लिहून आणावं.