बाटलीतलं पाणी

कॅज्युअल्टीत नाईट होती, पहाटेचे साडेतीन-चार झाले असतील, एक पोरगा वडिलांचा खांदा धरून चालत आत आला. बावीस-तेवीसचा, उंच आणि अगदी काटकुळा. म्हणे पाणी प्यायला उठलो आणि डाव्या बाजूला छातीत एकदम सुरी खुपसल्यासारखं झालं, तेव्हापासून पूर्ण श्वासच घेता येत नाहीये. वडिलांना वाटलं अटॅकच आला. ईसीजी नॉर्मल, पण श्वास मिनिटाला 34 आणि सॅच्युरेशन 89. शर्ट काढला तर उजवी छाती हलतेय, डावी जवळपास गप्प.

सरांनी स्टेथो लावला, मग मलाही म्हणाले ऐका. उजवीकडे हवा खेळतेय, डावीकडे काहीच नाही. बोटाने ठोकलं तर रिकाम्या डब्यासारखा आवाज. एक्सरेत डावं फुप्फुस आक्रसून मधे गोळा झालेलं आणि बाजूला नुसती काळी हवा. न्यूमोथोरॅक्स, म्हणजे फुप्फुस आणि छातीच्या भिंतीच्या मधे हवा शिरलेली.

खरं सांगते, तोपर्यंत माझ्या डोक्यात फुप्फुस म्हणजे आपलं आपण फुगणारं असंच होतं, परीक्षेत सगळं बरोबर लिहूनसुद्धा. त्याला स्वतःला फुगायला स्नायूच नाही. डायफ्राम, म्हणजे छाती आणि पोटाच्या मधला स्नायू, खाली सरकतो, बरगड्या वर आणि बाहेर येतात, पिंजरा मोठा होतो आणि फुप्फुस त्याच्या मागे ओढलं जातं, कारण एक पातळ पडदा फुप्फुसावर, दुसरा बरगड्यांच्या आतून आणि मधे जेमतेम ओल. फुप्फुसाला सतत आक्रसायचं असतं, छातीला बाहेर पसरायचं असतं, या ओढाताणीने मधला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी राहतो आणि तेवढ्याच्या जोरावर शांत बसल्या बसल्या दर श्वासाला अर्धा लिटर हवा आत येते. फुप्फुसाच्या टोकावरचा एखादा बारीक फोड फुटला आणि त्या दोन पडद्यांच्या फटीत हवा शिरली की पकड सुटते. उंच बारीक पोरांत हे होतं, सिगरेट ओढणाऱ्यांत जास्तच. वडील फॉर्म भरायला गेले तेव्हा हा हळूच म्हणाला, सिस्टर, मी ओढतो.

काखेखालची जागा बधिर करून सरांनी आयसीडी टाकली, म्हणजे छातीत अडकलेली हवा बाहेर काढायची नळी. तिला जोडायची पाण्याची बाटली मी तयार केली होती, नळीचं टोक पाण्याखाली 2 सेंटीमीटर, लेव्हल दोनदा बघितली, कारण हवा बाहेर जाऊ द्यायची आणि परत आत येऊ द्यायची नाही हे काम तेवढं पाणीच करतं. खोक म्हटलं तर भडाभडा बुडबुडे आले. खूप वेळ येत राहिले, मग कमी झाले, आणि नळीतलं पाणी हलायला लागलं, श्वास घेतला की वर, सोडला की खाली. पुस्तकातला तो दाब मी त्या दिवशी डोळ्यांनी बघितला, आणि इतकी वर्षं झाली तरी आयसीडीचा पेशंट असला की मी आधी ते पाणी बघते.

"सिस्टर, ते आपोआप हलतंय का?"

"नाही रे, तूच हलवतोयस."

सॅच्युरेशन 97 वर आलं होतं. वडिलांना सांगितलं, काका, बाटली छातीच्या वर कधी उचलायची नाही, पाणी आत जाईल. सकाळी त्याला व्हीलचेअरवरून परत एक्सरेला नेलं. वॉर्डबॉय बाटली घेतो म्हणाला तर काकांनी दिली नाही, दोन्ही हातांत धरून, पार गुडघ्यापर्यंत वाकून, अख्खा कॉरिडॉर तसेच चालत गेले.