राजमाचीचा चिखल: एक जीप काचेची, एक प्लास्टिकची

जुन्या जीपची पुढची काच बदलायची म्हटलं की मित्रमंडळीत एक जण तरी निघतोच, अरे पॉलिकार्बोनेटची प्लास्टिक शीट टाक, हातोडा मारला तरी फुटत नाही. फुटत नाही हे खरंय. पण काच निवडताना सगळे दगड आणि फांद्यांचाच विचार करतात, मी म्हणतो संध्याकाळी खोपोलीच्या पुढे समोरून येणाऱ्या ट्रेलरचा विचार करा.

गणपती गेले, पितृपक्ष लागला, रस्ते जरा मोकळे झाले तेव्हा महिंद्राच्या दोन जुन्या एमएम ५४० जीपा घेऊन राजमाची किल्ल्याला जाऊन आलो. माझ्या जीपला लॅमिनेटेड काच, डोंबिवलीकर मित्राच्या जीपला ५ मिलिमीटरची पॉलिकार्बोनेट शीट, त्याने गेल्या उन्हाळ्यात बसवलेली. रस्ता तोच, चिखल तोच, ऊन तेच, आणि मधेमधे आम्ही गाड्या बदलून चालवल्या, त्यामुळे फरक नीट कळला.

सकाळी अंधारातच मुलुंडहून निघालो, ऐरोली पूल, ठाणे-बेलापूर रोड, कळंबोली, पळस्पे फाट्याला वडा-चहा, मग जुना हायवे धरून चौक, खोपोली आणि घाट चढून लोणावळा. एक्स्प्रेसवेला जीप चालते, पण जुन्या जीपला ८० च्या वर पळवण्यात काही मजा नाही, आणि पळवलीच तर प्लास्टिकची शीट वाऱ्याने मधोमध आत दबते आणि थरथरायला लागते, समोरचं सगळं किंचित हलताना दिसतं. जाडी कमी घेतली की हे होतंच. ५ च्या ऐवजी ६ घेतली असती तर कमी झालं असतं, पण मग फ्रेमचं रबर बीडिंग, म्हणजे काच धरून ठेवणारी कडेची पट्टी, बसत नाही, असं त्याचं म्हणणं.

चौकच्या आसपास खडीचा डंपर पुढे लागला, वरून ताडपत्री नावालाच. एक बारीक खडा माझ्या काचेवर टिक्क करून आला आणि खाली डाव्या कोपऱ्यात तांदळाच्या दाण्याएवढी टिचकी पडली. तसाच खडा प्लास्टिकवर आला असता तर बारीक खळगा पडला असता, बस. इथे प्लास्टिक जिंकलं, मान्य. पण लॅमिनेटेड म्हणजे दोन काचांच्या मधे पीव्हीबीचा चिकट पारदर्शक थर, साधारण पाऊण मिलिमीटरचा, त्यामुळे तडा गेला तरी काच जागेवर राहते, तोंडावर येत नाही. टिचकीवर लगेच पारदर्शक सेलोटेप मारला, म्हणजे पाणी आणि माती आत जात नाही आणि नंतर रेझिन भरून घेता येतं. टेप गाडीत ठेवाच. उशीर केला की टिचकीचा तडा होतो, आणि ऑफरोडवर तर फारच पटकन, कारण एक चाक दगडावर आणि एक खड्ड्यात असलं की बॉडी पिळवटते आणि काचेची फ्रेमही तिच्याबरोबर. जीपवाल्यांच्या कित्येक काचा दगडाने नाही, या पिळाने जातात. म्हणून फ्रेमचे बिजागर आणि खालचे बोल्ट ढिले नाहीत ना, बीडिंग कडक झालेलं नाही ना हे निघायच्या आधी बघा.

लोणावळ्यातून तुंगार्ली धरणाच्या बाजूने राजमाचीची वाट सुटते, किल्ल्याखालच्या उधेवाडीपर्यंत साधारण १५ किलोमीटर. कोरड्या दिवसांत ती साधी दगडी वाट असते, सप्टेंबरमध्ये मात्र ओढे वाहते आणि चाकोऱ्या गुडघाभर. फोर बाय फोर लो (चारही चाकांना जोर, वेग कमी) टाकून आरामात जा, घाई करायची ही वाटच नाही. दोन्ही बाजूंनी कारवी गाडीवर ओणवलेली, फांद्या सटासट काचेवर. प्लास्टिकवाली जीप पुढे ठेवली होती, एक वाळकं लाकूड सरळ शीटवर आदळलं, धप्प आवाज झाला, शीट आत दबून परत बाहेर, खूण नाही. मेव्हणा माझ्या बाजूला बसला होता, तो म्हणाला, "दाजी, पुढच्या वेळी हेच टाका." मी म्हटलं थांब, संध्याकाळ होऊ दे.

आता चिखलाचं. पुढच्या गाडीच्या चाकांनी उडवलेला चिखल काचेवर आला की हात आपोआप वायपरकडे जातो. काच असेल तर फार बिघडत नाही, पाण्याचा फवारा मारा, वायपर फिरवा, चला. पॉलिकार्बोनेट मात्र मऊ असतं. आपल्या मातीत बारीक रेती असते, ती वायपरच्या रबराखाली अडकली की प्रत्येक फेरीला कमानीसारखे ओरखडे. वरचं हार्ड कोटिंग असेल तर काही काळ तग धरतं, नुसती साधी शीट असेल तर एका पावसाळ्यात कामच. डोंबिवलीकर शहाणा माणूस, त्याने पिकावर फवारतात तो हातपंप पाणी भरून मागे ठेवलाय, थांबतो, वरून पाणी सोडून चिखल वाहून घालवतो, मगच वायपर. पण दर ओढ्यानंतर थांबायचं म्हणजे मागचे शिव्या घालतात, आणि जोराचा पाऊस आला की वायपर लावावाच लागतो.

उधेवाडीत दुपारी पिठलं, तांदळाची भाकरी, ठेचा. समोर श्रीवर्धन आणि मनरंजन दोन्ही बालेकिल्ले ढगांतून डोकं काढून बघतायत, अशा वेळी काचेबद्दल बोलू नये, पण बोललोच. कारण मेव्हणा कारवीचा चिकट रस काढायला पेट्रोलमध्ये फडकं भिजवून त्या शीटकडे निघाला होता. डोंबिवलीकर ओरडला, "अरे भावा, शीट मरेल!" आणि खरंच मरते. पेट्रोल, थिनर, ॲसिटोन लागलं की पॉलिकार्बोनेटवर केसासारख्या बारीक भेगा उठतात, त्या बऱ्या होत नाहीत. काचा पुसायच्या अमोनियावाल्या स्प्रेनेही हळूहळू तेच. कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब, मायक्रोफायबर, एवढंच. कोरडं फडकं नाही, रद्दी पेपर तर नाहीच. काचेला रद्दी पेपरही चालतो.

साडेचारला उधेवाडी सोडली, घाट उतरायला लागलो तेव्हा सूर्य समोर. इथे मी गाडी बदलून घेतली, मुद्दाम. मुंबईहून सह्याद्रीत कुठेही जा, माळशेज म्हणा, राजमाची म्हणा, नाहीतर ताम्हिणी, परतताना संध्याकाळी तुम्ही पश्चिमेकडेच तोंड करून असता, हे आपल्या भूगोलातच लिहिलंय. खाली आलेलं ऊन त्या शीटवर पडलं आणि सकाळी अजिबात न दिसलेले सगळे ओरखडे एकदम पेटले, पूर्ण शीटभर कोळ्याच्या जाळ्यासारखी चमक. पुढची एसटी दिसत होती पण तिचे ब्रेक लाइट लागलेत की नाही ते कळेना. गॉगल घालून बघितला, फरक नाही, उलट कमी दिसायला लागलं. पुढे अंधार पडल्यावर तर आणखी वाईट, कळंबोलीच्या बाजूला न्हावाशेवाचे कंटेनर ट्रेलर लायटी फुल करून येतात, प्रत्येक दिव्याभोवती पिसारा फुटतो आणि त्या पिसाऱ्याच्या आत हेल्मेट नसलेला, टेल लाइट नसलेला बाइकवाला असतो. मी डोंबिवलीकराला फोन लावून गाडी परत बदलायला लावली. माझ्या टिचकी पडलेल्या काचेतून सगळं साधं, स्वच्छ. मेव्हण्याने "हेच टाका" पुन्हा काढलं नाही.

हिशोब बघा ना, मुंबईहून राजमाची म्हणजे जाऊन-येऊन दोनशेच्या आसपास किलोमीटर, त्यातलं खरं ऑफरोड ३०. उरलेल्या रस्त्यावर फांद्या नसतात, फक्त समोर नीट दिसणं लागतं.

कायद्याचंही सांगतो कारण याच्यावर कोणी बोलत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या नियम १०० प्रमाणे पुढची काच सेफ्टी ग्लासचीच लागते, १९९६ नंतर बनलेल्या गाड्यांना तर लॅमिनेटेडच, आणि तिच्यातून किमान ७० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे. बाजारातून कापून आणलेल्या शीटवर ना आयएसआयचा शिक्का ना आयएस २५५३ चा, म्हणजे सेफ्टी ग्लासच्या भारतीय मानकाचा, आकडा. आपल्या जीपा सगळ्या १५ वर्षांच्या पुढच्या, म्हणजे दर ५ वर्षांनी आरटीओत गाडी दाखवून नोंदणी वाढवून घ्यायची, तिथे हा विषय निघू शकतो. आणि इन्शुरन्समधली गंमत, साध्या पॉलिसीत काचेच्या भागाला घसारा शून्य, प्लास्टिक-रबराच्या भागाला ५० टक्के. म्हणजे जे फुटतं त्याचे पैसे पूर्ण धरतात आणि जे फुटत नाही त्याचे अर्धे, वर नियमाबाहेरचा बदल म्हणून क्लेमच नाकारला तर वेगळंच.

काच घेणार असाल तर एमएम ५४० वाल्यांचं नशीब चांगलं, काच सपाट आहे, वळणदार नाही. कुर्ल्याला सीएसटी रोडवर नाहीतर ऑपेरा हाऊसच्या बाजूला स्पेअरपार्टवाल्यांकडे विचारत गेलात की मिळते किंवा मापाने कापून देणारा मिळतो. जुन्या काचेच्या मापावर जाऊ नका, फ्रेम वर्षानुवर्षं वाकलेली असते, पुठ्ठ्याचा साचा फ्रेममध्ये बसवून तो घेऊन जा. लॅमिनेटेड कापता येते, टफन (तापवून कडक केलेली एकेरी काच) कापता येत नाही, तेव्हा कोणी "टफन घ्या, मजबूत असते" म्हणाला तर नमस्कार करून पुढे जा, ती फुटली की पूर्ण चुरा होऊन बसते. कोपऱ्यातला शिक्का वाचून घ्या. बीडिंग नवीनच टाका, जुन्याच्या खाचेत गंज आणि माती साठलेली असते आणि तिथूनच नव्या काचेला तडा जातो. बसवणारे काका बीडिंगच्या ओठात दोरी घालून साबणाच्या पाण्याने काच ओढून घेतात, बघण्यासारखं काम आहे, घाई करू नका त्यांना.

वजनाचं म्हणाल तर ६ मिलिमीटर काच चौरस मीटरला १५ किलो, तेवढीच पॉलिकार्बोनेट ७ किलोच्या थोडी वर. जीपची काच अर्धा चौरस मीटर धरली तर फरक चारेक किलोचा. तेवढा आपण वड्यांमध्ये भरून काढतो.

तरीही प्लास्टिक हवंच असेल, म्हणजे गाडी फक्त ऑफरोड इव्हेंटला ट्रेलरवरून नेत असाल, किंवा दुसरी फ्रेम करून ठेवायची असेल, तर ॲक्रिलिक घेऊ नका. ते दिसतं छान, ओरखडे पॉलिश करून निघतातही, पण फुटलं की धारदार तुकडे होतात. पॉलिकार्बोनेटच, तेही छपरावर टाकतात ते पोकळ किंवा पन्हाळी नाही, सपाट, भरीव, दोन्ही बाजूंनी हार्ड कोट आणि यूव्ही कोटवालं, नाहीतर उन्हात पिवळं पडतं. यूव्ही एकाच बाजूला असेल तर कव्हरच्या फिल्मवर लिहिलेलं असतं, ती बाजू बाहेर. भोकं बोल्टपेक्षा दोन-तीन मिलिमीटर मोठी पाडा आणि रबर वॉशर लावून हलक्या हाताने आवळा, कारण ही शीट उन्हात काचेच्या सातपट फुगते, सव्वा मीटर रुंदीला ४० अंशांच्या फरकात ३ मिलिमीटर, जागा नाही मिळाली की भोकापासून चिरते. बोल्टला थ्रेडलॉकर (आटे ढिले होऊ नयेत म्हणून लावतात तो चिकट द्रव) लावू नका, त्यानेही पॉलिकार्बोनेट तडकतं, नायलॉकचा, म्हणजे आत नायलॉनची कडी असलेला, नट वापरा. फ्रेम बॉनेटवर पाडून चालवत असाल तर खाली जुनं ब्लँकेट.

बाकी राजमाचीचं, पावसाळ्यात लोणावळ्याच्या आसपास बंदीचे आदेश निघतात, निघायच्या आधी लोणावळ्यात कोणाला तरी फोन करून खात्री करा. एकटी गाडी नेऊ नका, वाटेत बराच भाग नेटवर्क नाही. पेट्रोल-डिझेल लोणावळ्यातच भरा, वर काही मिळत नाही. उधेवाडीत जेवण आदल्या दिवशी सांगून ठेवावं लागतं, आणि भाकऱ्या माणशी दोन जास्तच सांगा.