वजन तेच, पण दंड गेले

अमळनेरला लॅबमध्ये नोकरी असल्याने खानदानातले सगळे रिपोर्ट आधी माझ्या व्हॉट्सॲपवर येतात. पारोळ्याच्या नानांचेही आले. नाना माझे चुलते, हार्ट फेल्युअरचे पेशंट, म्हणजे हृदयाला पुरेसं रक्त ढकलता येत नाही. ओट्यावरून उठायला आता खांब धरतात, बंडीतून दंड नुसते लोंबतात. बारीक झालात म्हटलं, तर चिडले. "वजन तं तेच शे, मंग बारीक कसा?"

वजन खरंच तेच. मांस गेलं, त्या जागी पाणी आलं. पायाला बोट लावलं की खड्डा पडतो. काट्याला दोन्ही सारखंच. रक्तातलं बीएनपी, म्हणजे हृदयावर ताण आला की ते सोडतं ते हार्मोन, वाढलेलं होतं, पण त्यावरून हृदयावर किती ताण आहे एवढंच कळतं. अंग किती झिजलं, ते नाही.

ते थोडंफार सांगतं फेनिलॲलनिन. नवजात बाळाच्या टाचेतून थेंब घेऊन तपासतात तेच हे अमिनो आम्ल, म्हणजे प्रोटीनचा एक घटक. स्नायू तुटले की ते रक्तात उतरतं. स्नायूंना स्वतःला ते मोडता येत नाही. यकृतात जाऊन त्याचं टायरोसिन हे दुसरं अमिनो आम्ल व्हावं लागतं. हार्ट फेल्युअरमध्ये यकृतात रक्त तुंबलेलं, अंगात दाह, मग ते काम रखडतं आणि पातळी चढते. तैवानमधल्या डॉक्टरांनी हे बरंच तपासलंय: ज्यांचं फेनिलॲलनिन जास्त, त्यांचे पुढचे दिवस जास्त धोक्याचे, बीएनपी जमेस धरूनही. आमच्या लॅबमध्ये ही तपासणी होत नाही. प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पातळ भाग, लगेच वेगळा करून गोठवून मोठ्या लॅबला पाठवावा लागतो, आणि नानांचं औषध त्या आकड्यावरून काही बदलणार नव्हतं. म्हणून मी आग्रह धरला नाही.

हे सगळं घरी सांगितलं आणि पस्तावायची वेळ आली. जिमवाला चुलतभाऊ जळगावहून बीसीएएचा, म्हणजे तीन अमिनो आम्लांच्या पावडरीचा, डबाच घेऊन आला. अमिनो आम्ल म्हणजे ताकद, एवढंच त्याने ऐकलेलं! अरे बाबा, थकलेल्या हृदयाला ल्युसिन, आयसोल्युसिन, व्हॅलिन ही तिन्ही नीट जाळताच येत नाहीत, हे २०१६ मध्येच छापून आलंय. रक्तातला आकडा ही खबर असते, औषध नव्हे. डबा परत पाठवला. प्रोटीन किती घ्यायचं ते किडनीचा रिपोर्ट बघून डॉक्टर ठरवतील.

मीठ कमी करा, हे त्यांनी आधीच सांगितलेलं. काकू भाजीत टाकतही नाहीत. फक्त कळण्याच्या, म्हणजे भाकरीच्या ज्वारी-उडदाच्या, पिठात मीठ दळतानाच पडतं, हे डॉक्टरांना कुणी सांगितलं नव्हतं. आता नानांचं दळण वेगळं जातं.