तीरकामठा घेऊन फ्लॅट टॉप्सला : एल्कच्या मागावर एक आठवडा

"पितरं लागली आणि तू शिकारीला चाललास?" आईचा फोन आला तेव्हा मी गाडीत सामान भरत होतो. २०२४ चा सप्टेंबर, अनंत चतुर्दशी होऊन दोनच दिवस झालेले. तिला काय सांगणार? अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात धनुष्यवाल्यांचा हंगाम २ ते ३० सप्टेंबर. एल्क म्हणजे इथलं मोठं हरीण, त्याचे नर माजावर येतात तेही याच महिन्याच्या उत्तरार्धात. दरवर्षी गणपती नाहीतर पितृपक्ष, काहीतरी आडवं येतंच.

आधी एक खुलासा. भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकार बंद आहे आणि माझ्या मते ती बंदच राहावी. इथलं गणित वेगळं आहे. परवान्याचा पैसा वन्यजीव खात्याला जातो, आणि धनुष्यबाणावर केंद्राचा एक खास कर आहे, तो संवर्धनाच्या कामात जातो. गंमत म्हणजे हा कर लावणारी दुरुस्तीही १९७२ चीच.

मी मूळचा शहाद्याकडचा. सातपुड्यातले भिल्ल-पावरा बाजाराच्या दिवशी खांद्याला तीरकामठा लावून उतरायचे ते लहानपणी पाहिलेलं. कामठा बांबूचा आणि त्याची दोरीसुद्धा बांबूच्याच चिवट पट्टीची. अमेरिकेत आल्यावर सरावाच्या रेंजवर पहिल्यांदा चाकंवाला कंपाउंड बो हातात घेतला, तेव्हा यंत्र ओढतोय असं वाटलं. त्यात तुम्ही पूर्ण ओढलंत की ८० टक्क्यांपर्यंत भार चाकं पेलतात आणि माणूस निवांत नेम धरतो. मी वापरतो त्या रिकर्व्हमध्ये, म्हणजे बिनचाकांच्या साध्या धनुष्यात, तसं काही नाही. माझ्या धनुष्याचा ताण ५० पाउंड आहे आणि पूर्ण ओढल्यावर ते सगळे ५० पाउंड माझ्या तीन बोटांवर असतात. दोन-तीन सेकंदांत सोडायचं, नाहीतर हात थरथरायला लागतो.

नियमांचं थोडक्यात. १ जानेवारी १९४९ नंतर जन्मलेल्या प्रत्येकाला शिकार-सुरक्षेचा कोर्स करावा लागतो, म्हणजे हे वाचणाऱ्या जवळपास सगळ्यांना. धनुष्याचा ताण किमान ३५ पाउंड हवा, बाणाचं पातं किमान ७/८ इंच रुंद. मी राज्याचा रहिवासी असल्याने मला परवाना दुकानात सहज मिळाला. बाहेरच्या राज्यांतल्या मित्रांसाठी मात्र बातमी वाईट आहे. २०२५ पासून आय-२५ महामार्गाच्या पश्चिमेला बाहेरच्यांना धनुष्याचा एल्क परवाना असा हातोहात मिळत नाही, सोडतीत नाव टाकावं लागतं. अर्जाची मुदत एप्रिलच्या सुरुवातीलाच संपते, तेव्हा जूनमध्ये जागे होऊ नका. पैसेही त्यांना दहापटीहून जास्त मोजावे लागतात. आणखी एक: एच-वन-बी व्हिसावाल्यांसाठी बंदुकीचे नियम किचकट आहेत, धनुष्य त्या व्याख्येत येत नाही. मी धनुष्याकडे वळलो त्याचं अर्ध कारण हे, हे कबूल करायला हरकत नाही.

जागा निवडली फ्लॅट टॉप्स, व्हाइट रिव्हर राष्ट्रीय वनातला उंच पठाराचा भाग. डेन्व्हरहून पाचेक तास. इथला एल्कचा कळप उत्तर अमेरिकेतला सर्वांत मोठा मानला जातो. जवळचं गाव मीकर. हे नाव ज्या सरकारी एजंटचं, तो १८७९ मध्ये इथल्या मूळ रहिवासी युट लोकांच्या उठावात मारला गेला आणि त्यानंतर दोन वर्षांत युटांना इथून हाकलून युटाहला पाठवलं. या डोंगरात धनुष्य कोणाचं, हा प्रश्न मला मीकरच्या पेट्रोल पंपावर दरवेळी पडतो.

बरोबर माझा शेजारी होता. निवृत्त पोस्टमन, वय ६३, स्वतः तासलेला ओसेज लाकडाचा लाँगबो, म्हणजे लांब सरळ कामठा, वापरतो. चाळीस वर्षं शिकार करतोय आणि बोलतो फार कमी.

तळ ट्रॅपर्स लेकच्या अलीकडे, साडेनऊ हजार फुटांच्या आसपास. २००२ च्या वणव्यात इथलं बरंच जंगल जळालं. ते करपलेले खोड अजून उभे आहेत आणि वाऱ्यात कधीही पडतात. तंबू त्यांच्यापासून लांब लावा, अंतर मोजताना झाडाची पूर्ण उंची धरा. पहिला दिवस काही करू नका, नुसतं पाणी प्या. मी गेल्या खेपेला पोचल्या संध्याकाळीच हजार फूट चढलो होतो आणि रात्रभर डोकं धरून बसलो. या खेपेला शहाणा झालो.

पहिला शनिवार-रविवार वाया गेला. बारूद ठासून भरायच्या बंदुकांचा हंगाम २२ तारखेला संपत होता, त्यामुळे दऱ्यांत माणसंच माणसं. मी नारिंगी टोपी घालून फिरलो. त्यात रविवारी बर्फमिश्रित पाऊस. आमच्या बाणांना प्लास्टिकची नाही, टर्कीची खरी पिसं असतात, कारण रिकर्व्हवर बाण धनुष्याला घासून जातो आणि पिसं दबून वाट देतात. पण भिजली की ती ओल्या कोंबडीसारखी चिकटतात आणि बाण भरकटतो. मी भात्यावर प्लास्टिकची पिशवी बांधायला विसरलो. पोस्टमनने स्वतःची पिशवी काढून निम्मी फाडून दिली, तेही न बोलता. तुम्ही दोन ठेवा.

सोमवारपासून डोंगर शांत झाला. माझा सल्ला विचाराल तर सप्टेंबरचा शेवटचा आठवडाच धरा.

आता वाऱ्याबद्दल, कारण बाकी सगळं त्यापुढे फुकट आहे. एल्क म्हणजे काश्मीरच्या हंगुलाचा थोराड चुलतभाऊ. नर ३०० किलोच्या घरात, मादी सव्वादोनशेच्या. डोळ्यांना तुम्ही एखाद्वेळ फसवाल, कानांना फांदी मोडल्याचा आवाज दुसऱ्या एल्कचा आहे असंही पटवाल, पण नाकाला नाही. रायफलवाला तीनशे यार्डांवरून मारतो, त्याला वारा अर्धवट सांभाळला तरी चालतो. आपल्याला वीस यार्डांच्या आत जायचं असतं. डोंगरात वाऱ्याचं वेळापत्रक असतं: पहाटे थंड हवा ओढ्यासारखी खाली वाहते, ऊन तापलं की नऊ-दहाच्या सुमाराला उलटून वर चढते, संध्याकाळी सावली पडली की पुन्हा खाली. म्हणून सकाळी वरच्या अंगाने त्यांच्याकडे उतरायचं नाही, खालून यायचं. आणि ती उलटायची वेळ म्हणजे तास-दीड तास, तेव्हा हवा कुठेही फिरते. तेव्हा गप बसून डबा खायचा. मी खिशात टाल्कम पावडरची पिचकारी ठेवतो आणि दर पाच मिनिटांनी फुसकन उडवतो. सगळ्या सामानात सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी वस्तू तीच.

मंगळवारी एक नर आला. खालच्या दरीतून आधी हाक ऐकू आली. ती खोल घशातून सुरू होते, चढत जाते आणि पातळ शिटीत संपते. एवढ्या मोठ्या जनावराच्या तोंडून ती शिटी ऐकून पहिल्यांदा हसूच येतं. पोस्टमनने माझ्या मागे साठ पावलांवर बसून मादीचा आवाज काढला. ही जोडीची पद्धत शिका: आवाज काढणारा मागे, धनुष्यवाला पुढे, म्हणजे नर मागच्याला शोधत पुढच्याच्या अंगावरून जातो. हा आला, दोन्ही बाजूंना सहा-सहा फाट्यांची शिंगं, अंगाला चिखल, वास तर शेळ्यांच्या वाड्यासारखा. तीस यार्डांवर थांबला, तोंड सरळ माझ्याकडे. चार मिनिटं तसाच. मी गुडघ्यावर, पाय बधिर.

माझी मर्यादा अठरा यार्ड आहे. ती कुठून आली तेही सांगतो, कारण नव्या माणसाने आपली मर्यादा अशीच ठरवावी. जेवणाची कागदी प्लेट लावा, दहाच्या दहा बाण तिच्यात बसतील ते अंतर शोधा. मग तीच परीक्षा गुडघ्यावर बसून, जाड जाकीट घालून, धापा टाकत द्या. अंतर आपोआप कमी होईल. शेवटी, रोज सकाळी घराबाहेर पडून फक्त एक बाण मारा, हात गरम न करता, कारण डोंगरात तुम्हाला तो एकच बाण मिळणार असतो. मी एप्रिलपासून हे केलं. बाविसाव्या यार्डावर माझ्या दहातले सातच बसतात. उरलेले तीन जिवंत जनावराच्या पोटात गेलेले मला नको आहेत.

नर वळला आणि चालता झाला. तोंडासमोरचा नेम एरवीही घ्यायचा नसतो, छातीचं हाड आडवं येतं. बाण गोळीसारखा धक्क्याने मारत नाही, धारेने मारतो, रक्त वाहून. तेव्हा पूर्ण आडवं उभं असलेलं किंवा किंचित पलीकडे वळलेलं जनावरच धरायचं, पुढच्या पायाच्या लगेच मागे, उंचीच्या खालच्या तिसऱ्या भागात. पातं दाढी होईल इतकं धारदार हवं. बाण जड ठेवा. माझा ५५० ग्रेनचा, म्हणजे ३५ ग्रॅमच्या वर. वेग कमी पडतो, पण तो आत शिरायचा थांबत नाही.

बुधवारी संध्याकाळी मी चिखलाच्या एका डबक्याशी बसलो होतो, जिथे एल्क लोळायला येतात. सव्वासहाला तीन माद्या आल्या. दुसरी सोळा यार्डांवर आडवी थांबली आणि तिने पुढचा पाय अर्धा पाऊल पुढे टाकला. बाण सुटल्याचं मला आठवत नाही. पलीकडच्या झुडपात पिवळी पिसं चमकली तेवढं दिसलं, म्हणजे आरपार. ती धावली, थांबली, मागे बघितलं आणि ॲस्पेनच्या झाडीत शिरली.

यानंतरचा अर्धा तास सर्वांत अवघड. लगेच मागे धावू नका, जखमी जनावर उठून मैलभर जातं. आधी बाण बघा. गुलाबी, बुडबुड्यांचं रक्त असेल तर फुप्फुस, अर्धा तास पुरे. काळपट असेल तर यकृत, काही तास. हिरवट, घाण वास असेल तर पोट, मग रात्रभर थांबा आणि स्वतःला शिव्या द्या. माझ्या बाणावर बुडबुडे होते. तरी पोस्टमनने घड्याळ बघून मला चाळीस मिनिटं बसवलं. ती शंभरेक पावलांवर पडलेली सापडली. मी तिच्या मानेवर हात ठेवून थोडा वेळ बसलो. अजून गरम होती.

मग कामाला लागलो. परवान्याचा टॅग तिथल्या तिथे सही-तारीख घालून तोडायचा. मादी असल्याचा पुरावा मांसाच्या तुकड्याला नैसर्गिकरीत्या जोडलेला ठेवायचा, हे उत्साहात विसरू नका. कातडं लगेच काढा, मांस कुजतं ते उष्णतेने. पोट न फाडता एका कुशीकडून सोलून पाय आणि पाठ सोडवायची पद्धत शिकून जा, डोंगरात तीच सोपी. सगळं आटोपायला रात्रीचा एक वाजला. मांस कापडी पिशव्यांत घालून तळापासून लांब झाडावर टांगलं, काळी अस्वलं असतात. या संरक्षित भागात चाकाचं काहीही चालत नाही, हातगाडीसुद्धा. साधारण पंचाहत्तर किलो, चार किलोमीटर, दोन माणसं, दोन-दोन खेपा. तिसऱ्या उताराला माझ्या गुडघ्याने आवाज दिला. पुढच्या वेळी घोडेवाल्याशी आधीच बोलून ठेवणार, तुम्हीही ठेवा. मारायच्या आधी बोललेलं बरं, नंतर ते मोकळे नसतात.

डोकं तपासणीला दिलं. इथल्या हरणांत आणि एल्कमध्ये मेंदूचा एक झिजरोग आहे, तो पहिल्यांदा लक्षात आला तो याच राज्यात, १९६७ मध्ये. माणसाला झाल्याची नोंद नाही, तरी बाधित जनावराचं मांस खाऊ नका असाच सल्ला देतात. निकाल येईपर्यंत सगळं फ्रीजरमध्ये, निम्मं पोस्टमनच्या.

निकाल निर्दोष आला तो घरात घट बसलेले असताना. मग काय, आणखी थांबलो. खंडेनवमीला धनुष्य पुसून, दोरीला मेण लावून पूजेत ठेवलं. आईने व्हिडिओ कॉलवर पाहिलं आणि "हळदकुंकू त्या पात्याला लाव, लाकडाला नको" एवढंच म्हणाली. दसऱ्याला काळ्या मसाल्याचा रस्सा केला. एल्कला चरबी जवळपास नाहीच, तेल नेहमीपेक्षा जास्त घाला. पोटरीचं मांस सहा शिट्ट्यांनंतरही वातड होतं. आणखी चार दिल्या.