खुंटावरची फूट

मागच्या मे महिन्यात एका रविवारी उपासनेत शास्त्रवाचनाची पाळी माझी होती आणि उतारा होता बायबलमधल्या, प्रेषित पौलाने गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या पाचव्या अध्यायातला, आत्म्याच्या फळाचा. प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता, इंद्रियदमन हे नऊ शब्द मी सावकाश, प्रत्येकाला वजन देत वाचले. वाचन चांगले झाल्याचे दोघांनी सांगितले आणि मला ते आवडलेही. त्याच दुपारी, नागपूरचा पारा पंचेचाळिशीकडे सरकत असताना, कुलर दुरुस्त करणारा कारागीर ठरल्यापेक्षा दोन दिवस उशिरा आला आणि मी त्याला दारातच जे बोललो ते येथे लिहिण्याजोगे नाही. तो काहीच बोलला नाही. त्याने पंपाची जाळी काढली, तीत अडकलेला वाळ्याचा चुरा नखाने खरवडला, पंप बादलीत बुडवून चालवून पाहिला आणि पैसे घेऊन निघून गेला. आतल्या खोलीत पडून असलेल्या आईने हे सगळे ऐकले होते. संध्याकाळच्या कौटुंबिक प्रार्थनेत तिने याकोबाच्या पत्राचा तिसरा अध्याय वाचायला सांगितला, एवढेच. एकाच मुखातून स्तुती आणि शाप निघतात, एकाच झऱ्यातून गोड आणि कडू पाणी निघते काय, असे विचारणारा तो भाग आहे.

त्या रात्री मला सासऱ्यांची काटोलकडची संत्र्याची बाग आठवली. आपले नागपुरी संत्रे स्वतःच्या मुळांवर क्वचितच उभे असते. जंबेरीच्या, म्हणजे एका जातीच्या लिंबाच्या, रोपावर संत्र्याचा डोळा, म्हणजे फुटीचा अंकुर, भरतात आणि त्या आंबट, काटेरी खुंटाच्या जोरावर गोड फळाचे झाड वाढते. मात्र डोळा धरला म्हणून खुंट मरत नाही. जोडाच्या खालून त्याची स्वतःची फूट येतच राहते, ती सरळ, हिरवीगार आणि वरच्या फांद्यांपेक्षाही जोमदार दिसते, आणि दुर्लक्ष झाले तर झाडाचे बळ तीच ओढून घेते. सासरे बागेतून बोलत बोलत चालतानाही वाकून ती कोवळी असतानाच अंगठ्याने मोडून टाकत. जून झाली की कात्री लागते आणि जखम मोठी होते, असे ते म्हणत. (पौलाने रोमकरांस लिहिताना रानटी जैतुनाची फांदी चांगल्या झाडावर लावल्याचा दाखला दिला आहे, म्हणजे माझ्या दाखल्याच्या नेमका उलटा, आणि ते निसर्गक्रमाविरुद्ध आहे हे त्याने स्वतःच म्हटले आहे, तेव्हा माझी उपमा फार ताणू नये.)

फळ आणणे माझ्या हातात नाही, ही गोष्ट मला पटायला बरीच वर्षे लागली. पौल देहाची 'कर्मे' म्हणतो आणि आत्म्याचे 'फळ' म्हणतो, आणि फळ हा शब्द एकवचनी ठेवतो. त्यामुळे नऊ गुणांची यादी भिंतीवर लावून या महिन्यात सहनशीलता, पुढच्या महिन्यात सौम्यता, असा अभ्यासक्रम आखणे मला आता थोडे हास्यास्पद वाटते. मी तो कधीकाळी आखला होता. संत्र्याच्या आंबिया बहाराला, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीच्या फुलोऱ्याला, आलेले फूल तोडणीला यायला ऑक्टोबर-नोव्हेंबर उजाडते, आणि त्याआधी झाडाला पाणी तोडून ताण द्यावा लागतो तो वेगळाच. याच नागपुरात २९ नोव्हेंबर १९७० रोजी सहा वेगवेगळ्या ख्रिस्ती मंडळ्या एकत्र येऊन उत्तर भारताची मंडळी (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) स्थापन झाली, तिच्या वाटाघाटी १९२९ पासून चालल्या होत्या. सहनशीलता हा शब्द वाचताना ती एक्केचाळीस वर्षे मला नऊ गुणांवरील कोणत्याही संदेशापेक्षा अधिक काही सांगतात.

माझ्या वाट्याला येते ती फूट मोडणे, आणि ती दिवसातून दहा वेळा येते. ती चर्चमध्ये सहसा येत नाही, कारण तेथे आपण सगळे इस्त्रीचे कपडे घालून बसलेले असतो. ती येते आईने तोच प्रश्न चौथ्यांदा विचारला तेव्हा, सीताबर्डीच्या गर्दीत मागच्याने हॉर्न वाजवला तेव्हा, आणि ज्याला उलट उत्तर देणे परवडत नाही असा माणूस दारात उभा असतो तेव्हा. या शेवटच्या प्रसंगीच माझी खरी परीक्षा होते, असे मला वाटते, कारण वरिष्ठांसमोर माझे इंद्रियदमन आजवर कधीही कमी पडलेले नाही.

वेदीजवळ अर्पण आणल्यावर भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण तेथेच ठेवून आधी त्याच्याशी समेट कर, असे प्रभूने सांगितले आहे. सोमवारी सकाळी मी त्या कारागिराला फोन केला आणि उन्हाचे, उकाड्याचे कोणतेही कारण न जोडता, माझे चुकले, एवढेच म्हणालो. तो क्षणभर गप्प राहिला. "राहू द्या नं जी," तो म्हणाला, "ते जाळी पंधरा दिवसांनी साफ करत जा, मग नाही बिघडत."

फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आले की मी तो आईच्या खोलीच्या दाराजवळ उभा राहून, तिला ऐकू जाईल अशा आवाजात केला होता.