टेरेसवरचा हायड्रोजन: टॉक्सचा आठवडा आणि हॉर्न नंबर दोन

आकाशगंगेतला हायड्रोजन वायू १४२०.४ मेगाहर्ट्झवर रेडिओ लहरी सोडतो, त्या घरच्या टेरेसवरून पकडायचा माझा खटाटोप चालू आहे. मागच्या वेळी लिहिलं होतं तेव्हा हॉर्न (लहरी गोळा करणारा भोंग्याच्या आकाराचा अँटेना) उभा होता, डोंगल (लॅपटॉपला लावायचा छोटा रेडिओ रिसीव्हर) चालू होतं आणि १४२०.४ मेगाहर्ट्झच्या जागी काहीतरी फुगवटा दिसतोय की नाही यावर आमच्याच घरात दोन मतं होती. त्यानंतरच्या रविवारी रात्री चौदाव्या मजल्याच्या टेरेसवर असा वारा सुटला की पुठ्ठा आणि फॉईलचा तो हॉर्न स्टँडसकट आडवा झाला, तोंडाची एक बाजू पूर्ण चेपली आणि फॉईल टराटरा फाटली. वॉचमन काकांनी इंटरकॉमवर कळवलं, "ताई, तुमचं ते भोंग्यासारखं पडलंय". वर जाऊन बघितलं तेव्हा खरंच पोटात गोळा आला कारण दिवाळीची अख्खी सुट्टी त्यात गेली होती.

नेमका त्याच सोमवारपासून रेडिओ खगोलशास्त्रवाल्यांचा ऑनलाईन टॉक्सचा आठवडा सुरू होत होता, रोज संध्याकाळी सहाला लाईव्ह आणि शुक्रवारी नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या मोठ्या रेडिओ टेलिस्कोपचे अँटेना प्रत्यक्ष बघायला जायचं. ऑफिसातून निघून ठाणे स्टेशन ते वर्तकनगर बसमध्ये मोबाईलवर अर्धा टॉक, उरलेला घरी आल्यावर. सगळे टॉक सारखे समजले असं नाही. सूर्यावरचा एक जवळजवळ डोक्यावरून गेला, त्याबद्दल काही लिहीत नाही. पण बाकीच्यांनी हॉर्नचं जे केलं ते सविस्तर लिहिते, इथे अजून तिघंचौघं जण हेच करतायत म्हणून.

सोमवारचा इतिहासाचा होता. हायड्रोजनची ही २१ सेंटीमीटर लांबीच्या लाटेची रेषा (म्हणजेच १४२०.४ मेगाहर्ट्झ) सापडू शकेल असं डच खगोलशास्त्रज्ञ व्हॅन डे हुल्स्टने १९४४ मध्ये सांगितलं आणि २५ मार्च १९५१ ला हार्वर्डमध्ये युएन आणि पर्सेल या दोघांनी ती पकडली, ती पण खिडकीतून बाहेर काढलेल्या प्लायवूडच्या हॉर्नने, आतून तांब्याचा पत्रा लावलेला. पाऊस आला की हॉर्नमधून पाणी थेट लॅबमध्ये यायचं आणि पोरं त्यात बर्फाचे गोळे मारायची. पडलेला हॉर्न शेजारी ठेवून हे ऐकताना फार बरं वाटलं. आणि एक गोष्ट मला खरंच माहीत नव्हती, की रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप आणि मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेच्या मंडळींनी १९६५ मध्ये त्यांचा पहिला रेडिओ टेलिस्कोप उभा केला तो आपल्या कल्याणला! ऑस्ट्रेलियातून भेट आलेल्या सहा-सहा फुटांच्या ३२ डिश, सूर्याकडे बघायच्या. मी वीस वर्षं कल्याण लोकलने जातेय आणि हे कोणी कधी सांगितलं नव्हतं. ऊटीचा ५३० मीटर लांबीचा टेलिस्कोप नंतर १९७० चा आणि जीएमआरटी त्याच्याही नंतर.

मंगळवारचा टॉक फीड आणि रिसीव्हरवर, हा माझ्यासाठी आठवड्यातला सगळ्यात मोलाचा. फीड म्हणजे हॉर्नच्या गळ्याला लावलेला डबा, माझा थिनरचा चौकोनी आहे, आतून रुंदी १६.५ सेंटीमीटर, त्यात लहर पकडणारी तांब्याच्या तारेची प्रोब, पाच सेंटीमीटरच्या आसपास. ती प्रोब मागच्या भिंतीपासून मी ५.३ सेंटीमीटरवर बसवली होती कारण २१.१ चा चौथा हिस्सा तेवढाच होतो, सरळ हिशोब. प्रश्नोत्तरात मी टाईप केलं की जमिनीकडे तोंड केलं आणि आकाशाकडे केलं तर नॉईजमध्ये फरक फक्त १.२ डेसिबल येतोय (हा फरक जितका मोठा तितका रिसीव्हर चांगला), एवढा कमी का? टॉक देणाऱ्यांनी आधी डब्याची रुंदी विचारली आणि मग म्हणाले की लाटेची मोकळ्या हवेतली लांबी आणि डब्याच्या आतली लांबी एक नसते, डब्यात लाट ताणली जाते, तुमच्या डब्यात ती साधारण २७.५ सेंटीमीटर होणार, चौथा हिस्सा काढा. म्हणजे ६.९! मी दीड सेंटीमीटर चुकीच्या जागी होते आणि तीन आठवडे एलएनएला (सिग्नल मोठा करणाऱ्या ॲम्प्लिफायरला) दोष देत होते.

रात्रीच ड्रिल काढलं. डब्याला नवीन भोक ६.९ वर, रुंद बाजूच्या बरोबर मध्यावर, जुनं भोक कॉपर टेपने बंद. कनेक्टर बसवताना लक्षात आलं की पहिल्या वेळी डब्याचा रंग नीट खरवडलाच नव्हता, कनेक्टरची कॉलर रंगावरच बसली होती म्हणजे अर्थिंग जवळजवळ नाहीच. पॉलिश पेपर मारून पत्रा चकचकीत केला, चार स्क्रू आवळले, मल्टीमीटरने कंटिन्युइटी बघितली. ज्यांचे डबे रंगवलेले आहेत त्यांनी आजच तपासा. नुसता डबा, हॉर्न नाही, तसाच टेरेसवर नेऊन लादीकडे आणि मग वर तोंड केलं तर फरक लगेच वाढलेला दिसला.

बुधवारी सरासरीचं प्रकरण. जीएमआरटीवर २०२० मध्ये एक काम झालं, एकेकट्या आकाशगंगेचा हायड्रोजन दिसणं शक्यच नाही इतक्या लांबच्या ७,६५३ आकाशगंगांचे सिग्नल एकावर एक रचून त्यांचा मिळून हायड्रोजन मोजला, आठ अब्ज वर्षांपूर्वीचा. सगळ्यांचं एकेक बघितलं तर नुसता नॉईज, एकत्र केलं की त्यातून रेषा वर येते. नॉईज वेळेच्या वर्गमुळाने कमी होतो, पाच मिनिटांचं वीस मिनिटं केलं की निम्मा. हे सूत्र मला पाठ होतं पण मी वागत नव्हते तसं, दोन-दोन मिनिटं घेऊन दिशा बदलत बसायचे. त्याच टॉकमध्ये २०२३ चा निकालही आला, एका लांबच्या आकाशगंगेतली हीच रेषा ताणली जाऊन आपल्यापर्यंत ६२० मेगाहर्ट्झच्या आसपास पोचली आणि मध्ये आलेल्या दुसऱ्या आकाशगंगेने भिंगासारखं काम करून ती मोठी केली म्हणून दिसली. ८.८ अब्ज वर्षं प्रवास. आपण डब्यात जी रेषा शोधतोय तीच ही. मी तो स्लाईड स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

गुरुवारी पल्सार, म्हणजे ठरावीक ठोक्याने रेडिओ सिग्नल पाठवणारे, गरगर फिरणारे मृत तारे. पल्सारच्या ठोक्यांवरून नॅनोहर्ट्झ (अतिशय संथ) गुरुत्वीय लहरींचे पुरावे २०२३ च्या जूनमध्ये जाहीर झाले त्यात आपल्या लोकांचं जीएमआरटीचं काम आहे हे ऐकून छाती भरून आली. पण घरच्या कामाचं निघालं ते शेवटच्या दहा मिनिटांत, रेडिओ कचरा कसा ओळखायचा यावर. आकाशातला हायड्रोजन रुंद असतो आणि जमिनीकडे तोंड केलं की जातो, सुईसारखी बारीक आणि तोंड कुठेही फिरवा तिथेच उभी अशी रेष असेल तर ती आपल्या घरातली. माझ्याकडे १४२०.० च्या जवळ अशा तीन सुया होत्या. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवलं तर दोन गेल्या. तिसरी यूएसबी केबलला फेराईट (नॉईज अडवणारं चुंबकीय कडं) लावल्यावर. एवढंच होतं.

शुक्रवारी रजा टाकली. पहाटेची कल्याणहून एसटी, माळशेज घाटातून आळेफाटा, तिथून नारायणगाव आणि मग खोडद. अँटेनांजवळ मोबाईल बंद करायला सांगितला तेव्हा आदल्या दिवशीच्या सुया आठवल्या. ४५ मीटर व्यासाच्या तीस डिश, त्यातल्या चौदा मध्यभागी जवळजवळ आणि बाकी सोळा वाय आकाराच्या तीन हातांवर लांबपर्यंत शेतांमधून पसरलेल्या. पायथ्याशी उभं राहून वर बघितलं आणि डिशमधून आरपार आकाश दिसलं. भरीव पत्रा नाहीच, बारीक स्टीलच्या तारांची जाळी, दोऱ्यांसारख्या तारांवर ताणून बसवलेली, मध्याजवळ १० मिलिमीटरची घरं आणि कडेला २० ची. लाटेपेक्षा भोकं बरीच लहान असली की लाटेला ती भिंतच वाटते आणि वारा मात्र निघून जातो, म्हणून एवढी मोठी डिश इतकी हलकी आणि स्वस्तात झाली. सोबतच्या काकांनी, ते निवृत्त शिक्षक, मला कोपराने ढोसलं, "बघा, तुमचा हॉर्न वाऱ्याने का पडला ते." मी बसमध्ये त्यांना सगळी कथा सांगितली होती.

२१ सेंटीमीटरला दोन सेंटीमीटरची भोकं चालतात तर डासांची जाळी तर किती बारीक!

परतीच्या एसटीत वहीच्या मागच्या पानावर नवीन हॉर्नचं ड्रॉइंग काढलं. शनिवारी सकाळी सोसायटीत खाली स्लायडिंग विंडोवाल्यांकडे गेले, त्यांच्याकडे ॲल्युमिनियमची जाळी पण मिळते आणि एल सेक्शन पण. त्यांना सांगितलं चार पाकळ्या हव्यात, तोंड ७५ बाय ६०, गळा डब्याच्या मापाचा. "दादा, कडा रिव्हेटने जोडा, सिलिकॉन नको, धातूला धातू टेकला पाहिजे." त्यांनी एकदाच विचारलं की कबुतरांसाठी आहे का, मी समजावलं, मग त्यांनी स्वतःच प्रत्येक कड दोनदा दुमडून रिव्हेट चार बोटांच्या अंतराने मारले, मी सांगितलं होतं त्याच्यापेक्षा जवळ. ॲल्युमिनियमला सोल्डर लागत नाही म्हणून डब्याशी जोड पत्र्याच्या पट्ट्या आणि नटबोल्टने. वजन पुठ्ठ्यावाल्यापेक्षा थोडं जास्तच आहे पण रविवारी संध्याकाळी टेरेसवर ठेवला तेव्हा वारा होता आणि हॉर्न जागचा हलला नाही, जाळीतून नुसता सूं आवाज.

आता आकडे. जमीन आणि आकाश यातला फरक १.२ वरून ३.८ डेसिबल. आधी लादीकडे वीस मिनिटं घेऊन ती बँडपास म्हणून, म्हणजे रिसीव्हरचा स्वतःचा आकार म्हणून, वजा केली.

सव्वासातला हंस तारकासमूह, वायव्येला बराच वर. दहा मिनिटांतच फुगवटा उभा राहिला, वीसला कोणाला विचारायची गरजच नाही असा, रुंद, अनेक खांदे असलेला. मग मध्ये जेवले आणि दहा वाजता शर्मिष्ठा तारकासमूह, उत्तरेला साधारण पन्नास अंशांवर. येऊरच्या बाजूला आकाश केशरी, घोडबंदर रोडचे दिवे, शर्मिष्ठेचा एम अर्धाच दिसत होता, मोबाईलच्या ॲपवरून दिशा लावली. वीस मिनिटं. स्क्रीनवर एक उंचवटा आला, मग त्याच्या उजवीकडे दुसरा, लहान पण वेगळा, मध्ये स्पष्ट दरी. मी श्वास धरून बसले होते. पुन्हा वीस मिनिटं घेतली. तसेच दोन.

अंतर २२० किलोहर्ट्झ. दर सेकंदाला एक किलोमीटर वेग म्हणजे ४.७ किलोहर्ट्झ, म्हणजे दोघांमध्ये सेकंदाला साधारण ४६ किलोमीटरचा फरक. डावीकडचा आपल्या आसपासचा वायू आणि उजवीकडचा, जास्त फ्रीक्वेन्सीचा, म्हणजे आपल्या दिशेने येणारा, तो पर्सियस भुजेचा, सहा हजारांहून जास्त प्रकाशवर्षं लांब. आकाशगंगेची एक अख्खी भुजा, ठाण्यात, जिथून मला आयुष्यात कधी आकाशगंगेचा पट्टा डोळ्यांनी दिसला नाही. खाली जाऊन आईला उठवलं आणि लॅपटॉप दाखवला. तिने चष्मा शोधला, नीट बघितलं आणि विचारलं, "यातलं आपलं कुठलं?" मी डावीकडच्यावर बोट ठेवलं.

मध्यरात्रीनंतर सारथी तारकासमूह पण घेतला, तिथे एकच, अरुंद, मधोमध. तसंच व्हायला पाहिजे, तिकडे आपण आकाशगंगेच्या केंद्राच्या जवळजवळ उलट दिशेला बघतो आणि वायू आपल्याला आडवा फिरतो, जवळ येत नाही की लांब जात नाही.

राहिलेलं काम: पृथ्वीच्या स्वतःच्या वेगाची दुरुस्ती अजून हाताने करतेय, ती वहीतून शीटमध्ये टाकायची आहे. स्टँडला कोनमापक लावायचा, सध्या शाळेचा प्लास्टिकचा आणि ओळंबा आहे. डब्याच्या तोंडावर पावसासाठी काय लावायचं ते सांगा कोणी, थर्माकोल चालेल असं वाटतं पण अजून मोजलं नाही. पुढच्या शनिवारी हंसापासून सारथीपर्यंत हॉर्न न हलवता रात्रभर ड्रिफ्ट घ्यायचाय, म्हणजे आकाशच समोरून सरकू द्यायचं, टेरेसची किल्ली सेक्रेटरींकडून आधीच घेऊन ठेवलीय.