पडवीतला रांजण

मिरजेत मी आडनाव सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "म्हणजे बुवांच्या घरातले का?" मी हो म्हणतो. त्याच्या पुढचाही ठरलेलाच, "मग तुम्ही काय, गाता की वाजवता?" मी कुंभारकाम करतो, असं सांगितलं की समोरचा माणूस घटकाभर गप्प होतो. काहींना वाटतं आपण चुकीचं ऐकलं. शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी चार शब्द लिहा, असा मुख्याध्यापकांचा निरोप आला, तेव्हा मला आधी आठवली ती आपल्या शाळेची पडवी आणि तिच्या कोपऱ्यातला तडा गेलेला रांजण. माझं कुंभारकाम तिथून सुरू झालं.

आमच्या घरी पहाटे साडेचारला खर्ज लागायचा. माजघरात खोळ घातलेल्या तंबोऱ्यांच्या दोन जोड्या असत आणि त्यांना धक्का लागेल म्हणून आम्हा मुलांना त्या खोलीत धावायची बंदी होती. आजोबांना गावाबरोबर घरातही सगळे बुवाच म्हणत. गायकी किराणा घराण्याची. आत्या सांगली आकाशवाणीवर गायची, वडील पेटीची साथ करायचे, थोरला भाऊ नऊ वर्षांचा असल्यापासून बुवांच्या मागे तंबोरा घेऊन बसायचा. मिरजेत याचं कुणाला फार नवल नव्हतं. विष्णु दिगंबर पलुस्कर बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकले ते याच गावात. हिराबाई बडोदेकरांचा जन्म इथला, १९०५ सालचा. किराणा घराण्याच्या अब्दुल करीम खाँसाहेबांनी मिरजेत घर केलं आणि १९३७ साली प्रवासात ते गेले, तेव्हा त्यांना इथेच, मीरासाहेबांच्या दर्ग्यात आणून दफन केलं. त्यांच्या स्मरणार्थ उरुसात रात्र रात्र गाणं चालतं. बुवांचा हात धरून मी तिथे जायचो आणि पहाटे कुणाच्या तरी मांडीवर झोपलेला सापडायचो. अशा घरातलं पोर गाणारच, हे धरूनच चाललेलं.

मला ऐकू सगळं यायचं. भावाचा निषाद केसभर उतरला तरी मला आधी कळायचं, मग त्याला. गळ्यातून मात्र ते येत नसे. आठवीत असताना मला एका आंतरशालेय स्पर्धेत उभं केलं. भूप गायचा होता. आलाप कसाबसा झाला, पण तानेच्या तोंडाशी गळा बसला आणि मी नुसता उभा राहिलो. तंबोरा चालू, तबला चालू, मी गप्प. समोर बसलेले एक परीक्षक शेजारच्याला म्हणाले, "यांच्या घरातला असून?" ते हळूच म्हणाले होते. पण माझा कान तिखट. आजही भूप लागला की ते तीन शब्द आधी ऐकू येतात.

त्याच आठवड्यात मराठीच्या बाईंनी गोरोबाकाकांची गोष्ट वर्गात सांगितली. मुक्ताबाईच्या सांगण्यावरून गोरोबा थापटणं घेऊन एकेका संताच्या डोक्यावर मारत गेले, आणि नामदेव तेवढे कच्चं मडकं निघाले. वर्ग हसला. मी ती गोष्ट नामदेवांच्या बाजूनं ऐकत होतो.

आपल्या चित्रकलेच्या सरांनी स्पर्धेचा विषय काढलाच नाही. गणपती पंधरा दिवसांवर आले होते, शाळेची मूर्ती सर स्वतः शाडूची करायचे. त्यांनी मला कपाटाची किल्ली दिली आणि म्हणाले, "माती भिजव. हात कमी पडताहेत." शाडू भिजवायची, खडे काढायचे, मळायची, एवढंच माझं काम. दोन दिवसांनी त्यांनी उंदीर करायला दिला, मग मोदक, मग पाट. मूर्तीला हात लावू दिला तो पुढच्या वर्षी. त्या खोलीत कुणी गात नव्हतं आणि कुणी मला गा म्हणत नव्हतं. मला वाटतं त्या पंधरा दिवसांत मी पहिल्यांदा पोटभर श्वास घेतला.

पडवीतल्या रांजणाला तडा गेला तो त्याच सुमारास. सरांनी चिठ्ठी देऊन मला कुंभारवाड्यात पिटाळलं. मी पोचलो तेव्हा मामा आवा, म्हणजे मडकी भाजायची भट्टी, उघडत होते. (त्यांना सगळं गाव मामा म्हणे, मीही म्हणू लागलो.) वरची राख अजून कोमट होती. मामा उकिडवे बसून एकेक गाडगं काढायचे, फडक्यानं पुसायचे, डाव्या तळहातावर धरून उजव्या हाताच्या बोटाचं पेर त्यावर मारायचे. खण्ण झालं की ते उजवीकडे. बद्द झालं की डावीकडे, खापरांच्या ढिगात. चेहरा वर करून बघायचेसुद्धा नाहीत. मी चिठ्ठी हातात धरून ऐकत राहिलो. वीस-पंचवीस गाडगी अशी गेली आणि एक त्यांनी उजवीकडे ठेवलं, तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "मामा, हे गेलंय."

"कशावरनं म्हंतोस?"

मला सांगता येईना. आवाज नीट निघाला होता, पण त्याचं शेपूट मध्येच तुटलं होतं. तंबोऱ्याची जवारी, म्हणजे घोडीवर तार टेकते ती जागा, बिघडली की तार छेडल्यावर गुंजन लवकर विझतं, तसं. मी म्हटलं, "लवकर थांबलं." मामांनी गाडगं परत वाजवलं, कानाशी धरून वाजवलं, काही बोलले नाहीत. मग उठून त्यात पाणी भरलं आणि दगडावर ठेवून पुढच्या कामाला लागले. थोड्या वेळानं बुडाशी केसाएवढी ओली रेघ उमटली आणि तिच्या टोकाला एक थेंब धरला.

"आरं, कान हाय की तुला!"

आमच्या घरात हे वाक्य कुणी कुणाला म्हणत नसे. तिथे कान सगळ्यांनाच होता, तो धरूनच चालत. मला ते पहिल्यांदा कुंभारवाड्यात ऐकायला मिळालं, वयाच्या तेराव्या वर्षी, राखेनं हात माखलेल्या माणसाच्या तोंडून. पुढची तीन वर्षं मी दर रविवारी तिथे होतो. लीद आणि राख कालवून माती तुडवायला मी तिथे शिकलो. आतून दगडी गोळा धरून बाहेरून थापटण्यानं मडकं मोठं करत न्यायचं, आणि हे करताना भिंतीची जाडी आवाजावरनं ओळखायची, हे मामा काही न सांगता शिकवत होते. भिंत जाड असेपर्यंत थापटण्याचा आवाज ठप्प असतो. पातळ होत जाते तसा तो उघडतो.

घरी कळलं तेव्हा आई रडली. वडील बोलायचे बंद झाले. बुवा म्हणाले, "हात धुऊन तंबोऱ्याला शिवायचं," आणि वर्षभर एवढंच. दहावीच्या सुट्टीत एका सकाळी ते मला घेऊन सतारमेकर गल्लीत गेले. जुन्या तंबोऱ्याची जवारी काढायची होती. ज्यांना कुणी आयुष्यात ताटकळत ठेवलं नाही, ते बुवा त्या दुकानाच्या पायरीवर चपला बाजूला काढून दीड तास बसून होते. कारागीर घोडीवर कानस दोनदा फिरवायचे, सूत सरकवायचे, तार छेडायचे, नाही म्हणून मान हलवायचे, पुन्हा कानस. बुवांनी एकदाही घाई केली नाही. मागे भिंतीला पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे वाळलेले भोपळे टांगलेले होते आणि खाली टुणीच्या लाकडाचा भुसा पडला होता. परत येताना बुवा म्हणाले, "खानापूरला कुंभारकामाची संस्था आहे म्हणतात. चौकशी कर."

ती खादी ग्रामोद्योगाची केंद्रीय संस्था. मिरजेहून तेव्हा मीटरगेजची गाडी होती, घटप्रभा, बेळगाव करत खानापूर. तीच लाईन पुढे लोंढ्यावरून धारवाड-हुबळीकडे वळते. धारवाड, हुबळी, कुंदगोळ या गावांत किराण्याचं गाणं रुजलं ते याच रस्त्यानं जाऊन-येऊन. बुवाही तिकडे बैठकांना त्याच गाडीनं जात. १९८३ च्या पावसाळ्यात मी मात्र मध्येच, मलप्रभेच्या काठच्या त्या गावी उतरलो. सुरुवातीचे कित्येक महिने फक्त माती मळायची आणि फिरत्या चाकावर गोळा मधोमध आणायचा. भांडं करायचं नाही. बरोबरची मुलं कंटाळायची. मी कंटाळलो नाही, कारण वर्षभर नुसता खर्ज लावणारी माणसं मी घरात पाहिली होती. गोळा मध्यावर आला की हाताखालची थरथर एकदम नाहीशी होते. डोळे मिटले तरी कळतं.

पुढे पुदुच्चेरीला जाऊन डेबोरा स्मिथ आणि रे मीकर यांनी १९७१ मध्ये सुरू केलेली गोल्डन ब्रिज पॉटरी पाहून आलो आणि स्टोनवेअरचं वेड लागलं. मामांचा आवा हजार अंशांच्या आतच. स्टोनवेअरला तेराशेच्या जवळ न्यावं लागतं, तेव्हा माती जवळजवळ दगड होते आणि तिच्यातून पाणी झिरपत नाही. १९८९ साली गावाबाहेर शेड घालून मी पहिली भट्टी बांधली. दुसऱ्याच खेपेला हौसेपोटी दार लवकर उघडलं. मातीत जी गारगोटी (क्वार्ट्झ) असते, ती ५७३ अंशांला एकदम आकार बदलते, तापताना फुगते आणि निवताना आकसते. त्या टप्प्यावर थंड वारा लागला की खेळ संपला. मला ते पुस्तकातून माहीत होतं. तरी उघडलं. वरच्या फळीवरच्या थाळ्या एकामागून एक तडकल्या. मी तिथेच बसून ऐकत राहिलो. त्या महिन्याची कमाई गेली. तेव्हापासून भट्टी विझल्यावर दोन रात्री मी दाराजवळ जात नाही.

भांडी निवत असताना ग्लेझला, म्हणजे वरच्या काचेसारख्या लेपाला, बारीक जाळी पडते, तेव्हाही आवाज येतात. टिंग, मग बऱ्याच वेळानं टिंग, मग तीन एकदम. तो आवाज वेगळा, वरच्या सप्तकातला आणि कोरडा. तडा खाली बोलतो.

१९९४ साली जलतरंग वाजवणारे एक गृहस्थ माझ्याकडे आले. त्यांच्या जुन्या चिनी मातीच्या संचातली मध्यमाची वाटी फुटली होती आणि बाजारात तशी मिळत नव्हती. वाटीत पाणी घातलं की सूर उतरतो, चढत कधीच नाही. म्हणजे कोरडी वाटी मध्यमाच्या थोडी वर लागायला हवी, की पाण्यानं खाली आणता येईल. पण माझी माती वाळून आणि भाजून शेकडा बारा आकसते, आणि कच्ची वाटी वाजतच नाही. चाकावर जे करतोय त्याचा सूर तीन आठवड्यांनी कळणार. भिंत जाड झाली की सूर चढतो, तोंड रुंद झालं की उतरतो. मी तेवीस वाट्या केल्या. बावीस गेल्या. तेविसावी घेऊन घरी आलो.

बुवा तेव्हा शहाऐंशीचे होते, गाणं थांबलं होतं, दिवसाचा बराच वेळ पलंगावर. मी वाटी उशाशी स्टुलावर ठेवली आणि त्यांच्या हातात काडी दिली. त्यांनी हलकेच मारली आणि डोळे मिटले. नाद पूर्ण विझेपर्यंत ते हलले नाहीत.

"पाणी घाल."

मी तांब्यातून धार धरली. त्यांनी पुन्हा मारली.

"अजून. थोडं."

मी बोटं बुडवून थेंब सोडले.

"बस."

आत्या दारात उभी होती. तिनं आतून तंबोरा आणला, मध्यमात लावला आणि वाटीशेजारी धरला. नंतर बुवांनी त्या वाटीविषयी काही म्हटल्याचं मला आठवत नाही, आणि मला त्याची गरजही राहिली नव्हती.

एक गोष्ट मनात सलते, ती इथे लिहितो, कारण आपल्या शाळेत कुंभारवाड्यातली मुलंही होती आणि आजही आहेत. माझ्या एका पेल्याला जी किंमत मिळते तेवढ्यात मामांची कित्येक गाडगी येत. मला वर्तमानपत्रांनी कलाकार म्हटलं, मामांना मरेपर्यंत कुंभार. मला जे येतं त्याचा पाया त्यांचा, पण आमचं आडनाव मोठं आणि त्यांचं जातीचं. गवयाचं नाव पत्रिकेवर छापतात, तंबोरा करणाऱ्याचं नाही. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा मला दुकानाच्या पायरीवर बसलेले बुवा आठवले आणि फार बरं वाटलं. संक्रांतीच्या सुगडांनाही कुणी तरी असं बघायला हवं.

मामा जाऊन बरीच वर्षं झाली. चाक आता नातू चालवतो, विजेचं. उन्हाळ्यात माठ, दिवाळीत पणत्या. तोही आपल्याच शाळेचा विद्यार्थी.

अमृतमहोत्सवानिमित्त पडवीसाठी मी रांजण द्यावा, असं शाळेनं सुचवलं. माझ्या भट्टीतला रांजण दिसायला देखणा झाला असता, पण त्यात पाणी गार झालं नसतं. पाणी गार होतं ते मडक्याच्या अंगातून झिरपून वर वाऱ्यानं उडतं म्हणून, आणि माझी माती झिरपूच देत नाही. म्हणून हा रांजण मामांच्या नातवानं घडवला आहे आणि त्यांच्याच आव्यात भाजला आहे. माती तुडवायला मी होतो. बुडाशी त्याचं नाव कोरायला मी त्याला सांगितलं, तो लाजत होता, तरी कोरलं.

समारंभाच्या आदल्या दिवशी तो पडवीत येईल. शिपाईमामांना विनंती आहे, पाणी भरायच्या आधी मला एक फोन करा. रिकामा असताना एकदा वाजवून बघायचाय.